माझ्या शोधाचे तीन सेकंद

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.१२. लाँड्रीच्या काउंटरमागे बसून पेपरातला फोटो पाचव्यांदा पाहत होतो. मालकांचे जावई हसत उभे. खाली छापलंय, 'तिन्ही दुकानं जोडणाऱ्या यंत्रणेचे जनक'. जनक! एका दुकानाच्या कॉम्प्युटरवर जे होतं ते तीन सेकंदांत बाकी दोन दुकानांत जसंच्या तसं उतरतं, हा शोध माझा. कॉम्प्युटरचा कोर्स अर्धवट सोडून लावलेला. जावयांना प्लग कुठे लावायचा तेही ठाऊक नाही. सूड घेणार.

मंगळवार, ४ मार्च. पेटंटच्या वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, अहो, ही युक्ती जगभर कधीपासून वापरतात. म्हणजे चोरी माझ्या अंदाजापेक्षा बरीच मोठी आहे.

गुरुवार, ६ मार्च. यंत्रणेत भर घातली. कोणी, किती वाजता, काय बदललं हे आपोआप लिहिलं जाईल. कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. जावई सापडलेच.

शनिवार, ८ मार्च. योजना पक्की. सोमवारी जावई पाहुण्यांना यंत्रणा दाखवणार. ऐन वेळी आमच्या दुकानातल्या सगळ्या नोंदी पुसायच्या. जावयांची बोबडी वळेल. मग मी शांतपणे उठून दुसऱ्या दुकानातली प्रत परत आणणार. टाळ्या. त्यासाठी पांढरा शर्ट घेतला, इथेच इस्त्रीला टाकला. काउंटरवरच्या मावशी अजून वहीत लिहितात. माझा शर्ट लिहू दिला नाही. कॉम्प्युटरवर आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं बाबा, शहाणा आहेस.

सोमवार, १० मार्च. ११.०० : नोंदी पुसल्या.
११.०० आणि ३ सेकंद : उरलेल्या दोन्ही दुकानांतल्याही पुसल्या गेल्या. यंत्रणा निर्दोष चालली, हे नमूद करतो.
११.१० : २,१४० कपडे, कुठला कुणाचा, काही पत्ता नाही. एक नवरदेव सूट मागतोय, दुपारी लग्न. तीन दिले, तिन्हींत तो हरवला. जावई पाहुण्यांना म्हणाले, छे छे, माझं कसलं, सगळं या पोराने केलंय. अखेर कबुली!
११.४० : मावशींनी वही उघडली. सूट सापडला. टाळ्या मावशींना.

मंगळवार, ११ मार्च. पुसणाऱ्याचं नाव तिन्ही दुकानांत निघालं. माझं. शुद्धलेखन बिनचूक. खोडायला गेलो, तर त्याचीही नोंद झाली. मालकांनी कामावरून काढल्याचं पत्र दिलं. त्यात स्पष्ट लिहिलंय, 'यंत्रणेचे एकमेव जनक'. फ्रेम केली. जावई जळत असणार.
शर्ट मागायला गेलो. मावशी म्हणाल्या, पांढरे एकशे साठ आहेत, नोंद दाखव आणि घेऊन जा.

खर्च : वकील ५००. फ्रेम १२०. शर्ट ७४०, अंगावर नाही.
देणं : मावशींचे ४०, परतीच्या बसचे. त्यांनी वहीत लिहून घेतले.