मधली ओळ हिरवी राहिली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, टोमॅटोचे नवे वाण तयार करण्यात उभी हयात घालवलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे. अक्षर वाकडं दिसतंय ते भीतीमुळे, आणि ती कशाची ते कलम तीनमध्ये आहे.

कलम १. राहतं घर आणि मागचं काचघर माझ्या मुलीला. ठेवायचं की विकायचं, तिची मर्जी. मोरीचा नळ गळतो हे आत्ताच सांगते, नंतर माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत. बँकेतली शिल्लकही तिचीच.

कलम २. बारीक चिमटा आणि भिंग माझ्या भाचीला. मी चिमट्याने फुलातले परागकोश काढायचे; ती घड्याळं दुरुस्त करते, तिला उपयोग होईल. माझ्या वाणासाठी झालेल्या सत्काराचं मानचिन्ह मात्र भंगारात द्यावं.

कलम ३. त्याचं कारण असं. पानं मुरडून झाड खुरटवणारा विषाणू पांढरी माशी पसरवते. त्याला अडवणारी दोन जनुकं एका रानटी, कडवट टोमॅटोत होती. एक विषाणूच्या नकला होऊ देत नाही, दुसरं त्याला वेगळ्याच वाटेने रोखतं. विषाणूने एक तोडलं तरी दुसरं उभं राहावं, म्हणून मी बारा वर्षं संकर करून दोन्ही आपल्या खायच्या टोमॅटोत आणत होते. तेव्हा जनुक थेट तपासायची सोय नव्हती, पण पहिलं जनुक तोडणारा विषाणूचा एक दुर्मीळ प्रकार आमच्या शेतात होता. निवडलेल्या रोपांच्या दर दोन ओळींमध्ये नाजूक वाणाची एक ओळ लावायची. ती आजारी पडली आणि बाजूची रोपं हिरवी राहिली, तरच ती रोपं पास.

शेवटच्या हंगामात माशी आलीच नाही. मधली ओळही हिरवीगार राहिली, म्हणजे परीक्षा झालीच नाही. वाण जाहीर करायची तारीख मात्र ठरली होती. माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याने, ज्याला आम्ही शंकासूर म्हणायचो, सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, मधली ओळ पडली का आजारी?"

"पडली," मी म्हणाले.

मग मी त्याची बदली बियाण्यांच्या गोदामात करवली. त्यानंतर सव्वीस वर्षं कोणी काही तपासलं नाही, कारण कागदावर माझी सही होती. आज जिकडे तिकडे तोच वाण आहे. दुसरं जनुक त्यात कधीच नव्हतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं, कारण विषाणूचा तोच प्रकार माझ्याच काचघरात पोचला आणि वाणाची शेंड्याची पानं मुरडली. मी रोपं उपटून जाळली आणि कोणाला बोलले नाही. बाजारात टोमॅटो दिसला की मी गल्ली बदलते.

कलम ४. फ्रिजमधल्या बरणीतलं रानटी टोमॅटोचं बी माझ्या मृत्यूनंतर शंकासुराला द्यावं आणि कलम तीन त्याला वाचून दाखवावं.

कलम ५. वरचं कलम सोमवारी लिहिलं. बी जिवंत आहे का बघावं म्हणून दहा बिया भिजवल्या होत्या. आज रविवार, दोनच उगवल्या. बरणीत चाळीस उरल्यात. मी मेल्यावर तोंड उघडायचं ठरवलं होतं, लाज माझ्या माघारी निघावी म्हणून. पण माझ्या मरणासाठी विषाणू थांबणार नाही, आणि हे बीही. कलम चार रद्द.

सकाळी त्याला फोन केला. आधी त्याच्या तब्येतीची चौकशी केली. शेवटी म्हणाले, "मधली ओळ हिरवी होती."

वाटलं, आता जन्माचं ऐकवेल.

"बी किती उरलंय?" त्याने विचारलं.

उद्या दहा वाजता तो येतोय. बरणी आणि कलम तीनची सही केलेली प्रत मी स्वतः त्याच्या हातात देणार आहे. भीती गेलेली नाही. मुलीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर
दिनांक : ९ नोव्हेंबर
सही : (केली आहे)

साक्षीदार १ : शेजारच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २ : कोपऱ्यावरचे शिंपी. यांनी कलम तीन वाचून माझ्याकडे न बघता सही केली.