चष्मेवाला गात होता

मंगळवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

पक्ष्यांचे आवाज ओळखणारं फोनमधलं ॲप आज पुन्हा 'चष्मेवाला' दाखवत होतं. मला काहीच ऐकू येईना. चुकतंय म्हणून हसले, तर शेजारच्या शांताक्का म्हणाल्या, "अय्यो, केवढा ओरडतोय! तुमच्याच पेरूवर!" पाहिलं, तर इवलीशी चोच उघडत-मिटत होती. आवाज नाही.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मला गाण्याच्या कॉयरच्या पहिल्या रांगेत उभं करायच्या, कान चांगला म्हणून. आणि आता?

"हो, ऐकू येतोय की," मी शांताक्कांना खोटंच म्हटलं. फोनवर नातीलाही हल्ली असंच 'हो, हो' म्हणते. तिचा आवाजही बारीक, त्या चष्मेवाल्यासारखा. काल ती ओरडली, "आजी, ऐकतेयस ना?" तेवढंच ऐकू आलं. त्याआधी ती बराच वेळ काहीतरी सांगत होती.