अठरा इंचांवरची बैठक

पेडणे,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चार दिवस राहतो म्हणून आलात आणि दुसऱ्याच दिवशी पाव विकणाऱ्या पोदेराच्या मागोमाग सकाळच्या बसने पाळीला परत गेलात. कारण काय, तर आमच्या खुर्चीने तुम्हाला गिळले. शेजारच्या सिद्धीला हे सांगताना मला फार अभिमान वाटला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू आले की पटत नाही, म्हणून हे पत्र. गाडीने दीड तासाची वाट ते चार दिवसांत आरामात कापील.

तुमचा जावई अजून सावरलेला नाही. त्या दोन खुर्च्यांसाठी अमोलने सात महिने दुकानदाराची मनधरणी केली. साठ सालच्या आसपासच्या, सागवानी, वेताच्या विणीच्या, अस्सल. तो त्यांच्यावर बसत नाही, त्यांच्याकडे बघत बसतो. पाठ किती अंशांनी कलली आहे हे तो जेवताना सांगतो आणि मी भात वाढते.

पण थट्टा पुरे. डिसेंबरात तुम्ही न्हाणीघरात पडलात आणि दूधवाला हाक मारीपर्यंत तिथेच होतात. डॉक्टरांनी एकटे राहू नका म्हणून बजावले आहे. आई गेल्यापासून पाळीचा फोन वाजला की मी हातातले टाकून धावते. तुमची खोली तयार आहे. आड येते ती फक्त खुर्चीच असेल तर कशी हवी ते लिहा, मी शोधते.

आशीर्वाद इथे येऊन द्यावेत, टपालाने नकोत.

आपली,
गौरवी

पाळी,
ता. १४ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद.

जावईबापूंच्या खुर्चीची मी निंदा करत नाही. ती खुर्ची नसून विहीर आहे, एवढेच म्हणतो. आत उतरलो तो गुडघे कानांशी आले. वर काढायला एक हात अमोलने धरला, दुसरा सिद्धीने. मुलीच्या नव्या घरी पहिल्याच दिवशी बापाला दोघांनी उपसून काढावे, ही सोय झकास होती.

असली कदेले, असल्या आरामखुर्च्या मी पाहिल्या नाहीत असे समजू नकोस. आमच्या खाणीच्या गेस्टहाउसात ती होती. बाहेरून आलेले इंजिनिअर त्यांत आडवे पडत आणि मी फाइल घेऊन बाजूला उभा. पस्तीस वर्षांत मला बस म्हणून कोणी म्हटले नाही. तेव्हा गुडघे शाबूत होते. आता जावई अगत्याने बसा म्हणतो, तर उठता येत नाही.

तर लिहून घे. जमिनीपासून अठरा इंच, दोन्ही बाजूंना हात, पाठ सरळ. आणि तुमच्या एका खुर्चीची वीण तुटलेली दिसली, ती इकडे पाठव. साखळीचा सगुण मेस्त सुतारकाम करतो, वेतही विणतो. तुमच्या भागात आता मेस्त उरले नसतील, कॅफे उरले असतील.

लोभ आहेच. तो लांबून जास्त टिकतो.

तुझा,
बाबा

पेडणे,
ता. २ मार्च २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मापासाठी म्हापसे पालथे घातले. एका दुकानदाराने अठरा इंच ऐकून मला दवाखान्याचे सामान विकणाऱ्याचा पत्ता दिला. शेवटी एक मिळाली. हात आहेत, पाठ काठीसारखी सरळ. अमोलने नाक मुरडले, तरी घरात घेतली. फोटो सोबत.

वीण तुटलेली खुर्ची भाडी मारणाऱ्या संदीपच्या पिकअपमधून पाठवते आहे. फक्त वीण. बाकी कशालाही हात लावू नये असे अमोलने तीनदा सांगितले, मी एकदाच लिहिते.

पत्रापाठोपाठ स्वतः यावे.

आपली,
गौरवी

पाळी,
ता. २० मार्च २०२५

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. ही तर आमच्या हेडक्लार्कची खुर्ची. तिच्यात बसलो तर मी स्वतःवरच खेकसेन. नको.

आता आनंदाची बातमी. तुमची खुर्ची उतरवली तर चारही पाय बाहेर फाकलेले. गेस्टहाउसातल्यांचेही तसेच होते, ते इंजिनिअरांच्या वजनाने फाकले असे मी तेव्हापासून मानत आलो आहे. सगुण म्हणाला, सांधे घट्ट आहेत. मी म्हटले, घट्ट असतील, पण वाकडे आहेत. ते पाय काढून फणसाच्या लाकडाचे सरळ चौकोनी पाय लावले आणि बैठक अठरा इंचांवर आणली. वेत काय टिकतो? म्हणून निळी नायलॉनची पट्टी विणून घेतली. वरून पॉलिश असे की तोंड दिसते. फोटो पाठवतो आहे. अमोलला सुखद धक्का दे.

तुझा,
बाबा

पेडणे,
ता. २७ मार्च २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धक्का पोचला. सुखद नव्हता. ते पाय मुद्दामच तसे घडवले होते बाबा, पहिल्या दिवसापासून. अमोल परवा जेवला नाही, काल जेवला पण पाठीचे अंश सांगितले नाहीत. साठ वर्षे टिकलेली खुर्ची तुम्ही पंधरवड्यात ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन बसवलीत. अभिनंदन.

पण एक सांगा. तुम्ही तिच्यात बसलात ना? उठता आले ना? मग झाले. तिला घेऊनच या. अमोलही आज म्हणाला, खुर्ची बिघडलीच आहे तर निदान तिच्यावर कोणीतरी बसावे. पुढच्या रविवारी पिकअप पाठवते.

वाट पाहणारी,
गौरवी

पाळी,
ता. १ एप्रिल २०२५

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद.

पिकअप पाठवू नकोस. खुर्ची फर्मास झाली आहे. हात टेकले की चटकन उठतो. तिथेच घोटाळा झाला, आता सांगायला कारण उरले नाही.

खरे लिहितो. मुलीच्या घरी राहायची मला लाज वाटते. शेवंतीअक्काला कारापूरला दिली, पण आमचे वडील तिच्या घरी कधी टेकले नाहीत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. अंगणात उभे राहून खुशाली विचारायची आणि मागे फिरायचे. बापाने असेच ताठ असावे हे मी त्यांच्याकडून घेतले. तुझ्याकडे मी मधोमध पाहुणा होऊन बसलो, तुम्ही दोघे भोवती उभे, आणि मला माझीच शरम वाटली. अमोल भला माणूस आहे. दोष त्याच्या खुर्चीचा नव्हता.

रागावू नकोस. जमेल तितके दिवस मी इथेच बरा.

तुझा,
बाबा

कारापूर,
ता. ६ एप्रिल २०२५

चि. भिकाजीस,
अनेक आशीर्वाद.

गौरवी परवा आली, तुझे पत्र वाचून दाखवले, रडली आणि चहा न घेता गेली. पत्रात माझे नाव आहे म्हणून लिहिते. एरवी तुझ्या शहाणपणात मी कधी तोंड घातले नाही.

बाबांचा ताठपणा घेतलास, छान केलेस. तू तो अंगणातून पाहिलास, मी दारातून. ते येणार असले की मी खुर्ची पुसून ओसरीवर मांडायची. मे महिन्यातले ऊन, आणि माझा बाप अंगणात उभा. सासूबाई म्हणायच्या, केवढे मानी गृहस्थ. मला वाटायचे, माझे घर त्यांना बसण्याजोगेही वाटत नाही. ते मागे फिरले की खुर्ची उचलून आत ठेवायची. सव्वीस वर्षे हे केले. माझ्या घरात माझा बाप बसलेला मी एकदाही पाहिला नाही. आज मी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माझा राग गेलेला नाही.

गौरवीलाही तू हेच देणार असशील तर तुझा ताठपणा तुला लखलाभ. नाहीतर जा आणि बस.

तुझी,
अक्का

पेडणे,
ता. १६ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

येऊन सहा दिवस झाले. पहिले तीन दिवस चहाबरोबर बशीत बिस्किटे ओळीने लावून येत होती. चौथ्या दिवशी कालचा पाव आला. अमोल माझ्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. काल मात्र त्याने निळी पट्टी बोटाने दाबून पाहिली आणि निघून गेला.

आज सकाळी गौरवी केर काढत होती आणि मी नेमका वाटेत. ती माझ्यावर खेकसली की केव्हाची सांगते आहे, बाबा, उठा बघू तिथून. अक्का, पाहुण्याला असे कोणी उठवत नाही.

तुझी माया अशीच, वेळेवर रागावणारी असू दे.

तुझा,
भिकाजी