ताईचा काढा

प्रिय शैलाताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहितेय. तू पुण्याहून पाठवलेला काढा मी एकदाही घेतला नाही. पाच महिने फोनवर "घेतला गं" म्हणून थापा मारल्या.

ब्रेस्ट कॅन्सरच्या किमोने इतकं मळमळायचं, की इथे आमच्या पॉइंट कुक उपनगरातल्या एका चिनी वैद्यबाईंकडे गेले. तुझ्या काढ्याची पुडी दाखवून म्हटलं, तुमचीही जडीबुटी द्या. मिसेस लियांगनी पुडी हुंगली आणि बंद करून परत दिली. "किमो चालू असताना नो हर्ब्ज. माझे नाहीत, सिस्टरचेही नाहीत." मग माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी दर किमोनंतर मनगटांत बारीक सुया लावल्या. हळूहळू चार घास पोटात टिकायला लागले. त्या बाईंचे उपकार कसे फेडू?

माझी किमो संपेपर्यंत तू भात सोडलायस, हेही त्यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्या म्हणाल्या, "हे औषध चालेल. हे थांबवू नका."

काल शेवटची किमो झाली. काढ्याचं तुला कधीच सांगणार नाही. उद्या फोनवर एवढंच म्हणेन, ताई, आज भात लाव.

तुझी,
मयूरा