फ्रिजमधला गॅस

बाबा, वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, काळजी नसावी. नव्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी फजिती मात्र झाली. जुना फ्रिज दुरुस्तीला आला. तुमच्या दुकानात शिकलो तसा मी पाइप उघडून गॅस हवेत सोडायला गेलो. मिस्त्री धावतच आला, म्हणाला, "अरे बाबा, स्कूटरचा वर्षभराचा धूर हवा जेवढी तापवतो, तेवढी हा एवढासा गॅस तापवतो!"

इथे तो मशीनने ओढून सिलिंडरमध्ये भरतात. ऐकून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. घरात एक दिवा जास्त जळला की आपण दोघं आईवर ओरडायचो, आणि दुकानात रोज आपले हे उद्योग! तुमचा दोष नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तसलंच एक जुनं मशीन घेऊन सुट्टीत येतोय. जरा कुरकुरतं, पण तुमचा हात लागला की मुकाट चालेल. तोवर एकही पाइप उघडू नका. खोकला कसा आहे? आईलाही विचारणार आहे, म्हणून खरं तेच सांगा.

आणि हो, तिने दिवा चालू ठेवला तर गुपचूप उठून बंद करा. तिला बोलायचा हक्क आपण केव्हाच गमावलाय.

तुमचाच,
धाकटा