कौसाबाईंच्या गाईची नोंद

मंगळवार, १८ नोव्हेंबर. वलगाव.

माझ्या पीएच.डी.साठी निवडलेल्या गाईंना कासेच्या सुजेवर माझंच औषध द्यायचं, दुसरं काही नाही, ही अट. कौसाबाईंची गाय त्यात सगळ्यांत लवकर बरी झाली. आज तिच्या कासेवर पिवळा डाग दिसला.

"हळद-चुन्याचा लेप लावला जी," कौसाबाई म्हणाल्या. "लाता मारून राहिली होती, मले पाहवलं नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी रागावले असते. आता तुमाले डिगरी भेटली का अर्धी मले द्या!"

हसलो खरा. पण तो पिवळा डाग डोळ्यांपुढून हलेना. नोंद तशीच ठेवली तर कुणाला कळणार? काढली तर नवी गाय शोधायची, प्रबंध लांबणार, कदाचित मुदतही हुकणार. एकोणपन्नासाव्या वर्षी पुन्हा मुदत कोण देणार?

संध्याकाळी देवापुढे बसलो. मागायला काही सुचलं नाही. उठलो, नोंदीवर रेघ मारली, कारण लिहिलं आणि अकोल्याला मार्गदर्शकांना फोन लावला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत.

"सर, एक गाय कमी झाली."

"अरेरे! मेली का?"

"नाही सर, बरी झाली. दुसरी शोधतो."