साडेपाच तास

कटंगी

प्रिय माणिक,

साडेपाच तास मला किती महागात पडले, ते आज कळलं: आठ महिन्यांचा अबोला, तुझ्या हातचा दुपारचा चहा आणि आपल्या दुकानातलं निम्मं हसणं.

तुला ठाऊकच आहे, नुसती पंख्याची घरघर ऐकून मी कॉम्प्युटरचं दुखणं सांगतो. खैरलांजीपासून मलाजखंडपर्यंत असा कान कुणाचा नाही, हे गिऱ्हाइकांना अजूनही ऐकवतो.

काल दुर्गाबाईचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडेना, म्हणून लॅपटॉपमध्ये तू टाकून ठेवलेलं लिनक्स लावलं. नातवाचे फोटो सगळे मिळाले. बाई तुझंच नाव घेत होती. तेवढ्यात नेट गेलं. पुन्हा विंडोज लावलं, तर भिंतीवर चार आणि लॅपटॉपवर साडेदहा.

आमची श्रुतिका सुट्टीत आली आहे, तिनं आज समजावलं. मशीन बंद असलं तरी आत बटनाएवढ्या बॅटरीवर एक घड्याळ चालत राहतं. चालू होताना मशीन आधी त्याला वेळ विचारतं. झाकण लावून झोपवलं असेल, तर उठतानाही विचारतं. आपण किती झोपलो, याचा अंदाज ठोकत नाही. मला तर कौतुकच वाटलं. माणसं उठल्या उठल्या दुसऱ्यालाच वेळ सांगायला लागतात. फक्त विंडोज त्या घड्याळात इथली वेळ आहे असं धरतं आणि लिनक्स त्यात ग्रीनिचची ठेवतं. नेट असलं की चूक दुरुस्त होते. नसलं, की साडेपाच तास मागे.

मग तो दिवस आठवला. तेव्हाही दुपारपासून नेट नव्हतं. दुकान तुझ्यावर सोपवून मी खैरलांजीला लग्नाला गेलतो. परत येऊन पाहिलं, तर लॅपटॉपवर शेवटची पावती साडेबाराची, आणि तू म्हणे सहापर्यंत बसला होतास. चार लोकांसमोर मी तुला खोटारडा म्हटलं. साडेबाराच्या आत चाळीस गिऱ्हाइकं कशी आटपली, हे काही विचारलं नाही.

तुझी किल्ली अजून खिळ्यालाच आहे. येत्या बाजाराला ये. चूक माझी होती, हे त्याच चार लोकांसमोर सांगतो. श्रुतिका मला विचारत होती, "बाबा, माणिककाकाले हे माहीत नव्हतं का?" माहीत होतं. "गुणाकरभाऊ, मी लिनक्स लावलतं, घडी मांगं गेली असन, पाह्य ना," असं तू तीनदा म्हणालास. मी हातभर अंतरावर उभा होतो. ऐकलं नाही.

तुझाच,
गुणाकर